पाठमोरी

लेण्याद्रीच्या पायथ्याशी उतरलेला माणूस अण्णांच्या तावडीतून सुटत नाही. चपला कुठं ठेवायच्या, नारळ आत्ताच घ्यायचा की नाही, वर माकडं पिशव्या ओढतात म्हणतात ते खरं का, अशा विचारात तो असतो. तेवढ्यात शेजारच्या लोखंडी कठड्यावर किल्लीची टकटक होते. वळून पाहावं तर अण्णा.

"पाव्हणं, कुठलं?"

"नगर."

"नगरात कुठं?"

"सावेडी."

"सावेडीला पहिल्यापास्नं, का नंतर आलात?"

इथवर पाहुणा सावध असतो. चौथ्या प्रश्नाला आडनाव निघतं, पाचव्याला मामाचं गाव. सहाव्याला अण्णांच्या चुलत मेहुणीचा दीर याच माणसाच्या मागच्या गल्लीत भाड्यानं राहत होता, हे सिद्ध होतं. मग पाहुणाही ढिला पडतो आणि आपल्या पित्ताच्या खड्यांबद्दल सांगायला लागतो. डोलीवाले अण्णांवर खार खाऊन असतात ते याचसाठी. म्हाताऱ्या आईला वर न्यायचा भाव ठरायच्या बेतात असतो आणि गिऱ्हाईक मेहुणीच्या दिराचा नंबर लिहून घ्यायला वळतं.

अण्णा एसटीत कंडक्टर होते. तिकिटाचं यंत्र हातात यायच्या आधीचे कंडक्टर, म्हणजे ट्रे आणि पंचवाले. गर्दीत वाट काढायची तर पंच दांड्यावर वाजवायचा, झोपलेल्याला उठवायचं तर त्याच्या कानाशी वाजवायचा. यंत्र आलं, पंच गेला, पुढं नोकरीही संपली. हात मात्र अजून काहीतरी वाजवत असतो. देवळात गेले तर खांबावर, दवाखान्यात गेले तर डॉक्टरांच्या टेबलावर. बोलायच्या आधी टकटक झालीच पाहिजे.

ओळख काढणारी ही जात गावोगाव असते. लग्नात ही माणसं जेवत नाहीत, पंगतीतून फिरतात. दवाखान्यात पेशंटला भेटायला जातात आणि शेजारच्या खाटेवरच्या माणसाशी सोयरीक जुळवून येतात. यात भोचकपणा नसतो असं मी म्हणणार नाही, चांगला मूठभर असतो. पण त्यांना तुमच्याकडून काही नको असतं. दहा फुटांच्या आत एक अनोळखी जीव बसलाय ही गोष्टच त्यांना सोसत नाही, एवढंच. सुट्टे पैसे राहिले की कंडक्टरला जी रुखरुख लागते, ती यांना ओळख राहिली की लागते.

अशा माणसाच्या घरी लाजाळू मांजर आलं.

झालं असं की, अण्णांच्या बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, उंदरांचा वैताग आला होता. पायथ्याच्या आमच्या गोळेगावात मांजर हवं असेल तर कोणाला काही विचारावं लागत नाही. शेजारणीची मांजरी व्यायली की पदरात घालून पिल्लू आणायचं, नाहीतर एखादं मांजर आपणच येऊन चुलीशी बसतं. इथं माणसं मांजर दत्तक घेत नाहीत, मांजरच घर दत्तक घेतं. पण अण्णांची लेक पुण्यात असते, आणि रविवारी प्राण्यांच्या एका निवाऱ्यात कामाला जाते. तिनं फोनवर सांगितलं, "पिल्लू नका आणू. आमच्याकडे एक मोठी मांजरी आहे, चार-पाच वर्षांची. कोणी नेत नाही तिला."

का नेत नाही, तर निवाऱ्यात येणाऱ्याला पिल्लू हवं असतं. मोठं चालेल म्हणणाराही असतो, पण त्याला अंगावर उडी मारणारं मोठं हवं असतं. ही भिंतीकडं तोंड करून बसायची. पाहायला आलेला माणूस दोन मिनिटं तिची पाठ पाहायचा आणि शेजारच्या पिंजऱ्यातलं खेळकर पिल्लू घेऊन जायचा.

"आपल्याकडं आण," अण्णा म्हणाले. "दोन दिवसांत बोलती करतो."

आधी फॉर्म आला. अण्णांनी आयुष्यभर दुसऱ्यांना प्रश्न विचारले होते. आपल्याला कोणी इतके प्रश्न विचारतंय याचा त्यांना आनंदच झाला. पडवीत बसून त्यांनी मोठ्यानं वाचत तो भरला. घरात माणसं किती, लहान मुलं आहेत का, आधी कोणता प्राणी पाळला होता, गावाला गेलात तर मांजराकडं कोण बघणार. या शेवटच्या प्रश्नाला त्यांनी अकरा नावं लिहिली, नात्यासकट. 'गॅलरी व खिडक्यांना जाळी आहे का?' याला लिहिलं, 'गॅलरी नाही, पडवी आहे. जाळी आहे, पण ती बिबट्यासाठी आहे.'

हे उत्तर वाचून निवाऱ्यातल्या बाईंचा फोन आला. त्यांना ती थट्टा वाटली होती. अण्णांनी त्यांना सविस्तर सांगितलं की जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर हा सगळा उसाचा पट्टा. उसात बिबट्या राहतो, उसातच वितो. अंधार पडला की इथं कुत्रंसुद्धा घरात घेतात. थट्टा मुळीच नव्हती. शेतीला वीज रात्रीची मिळायची, रात्रीचं पाणी धरायला शिवारात जावं लागायचं, आणि गेलेला माणूस परत येईपर्यंत घरातल्यांचा डोळा लागायचा नाही. बाई गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "आमची अट आहे, मांजर घराबाहेर सोडायचं नाही." अण्णा म्हणाले, "बाई, आमचीपण तीच आहे." आणि लगेच, "तुम्ही मूळच्या कुठल्या?"

मांजरी आली ती बंद टोपलीत, लेकीच्या गाडीतून. काळी, त्यात तांबूस डाग, आणि डाव्या कानाचं टोक कापलेलं. नसबंदी झालेल्या मांजराची ती खूण असते, म्हणजे कोणी तिला परत पकडून नेत नाही. अण्णांनी कान पाहिला आणि त्यांचा चेहरा फुलला. "हिचं तिकीट पंच केलेलं आहे!"

नाव निवाऱ्यातल्या पोरींनी ठेवलेलं, लूना. अण्णा म्हणाले, लूना आमच्या डेपोतल्या क्लार्ककडं होती, चढावर पेडल मारावं लागायचं. काकूंनी वाद न घालता तिला मनी म्हणायला सुरुवात केली. टोपलीचं दार उघडलं. मनी बाहेर आली, पोट जमिनीला लावून सरळ खोली ओलांडली आणि लोखंडी कपाटामागं, भिंत आणि पत्रा यांच्यामधल्या चार बोटांच्या फटीत शिरली. मांजर एवढ्याशा जागेत मावतं हे आम्हाला माहीत होतं. अण्णांना तो अपमान वाटला.

ते पालथे पडले, फटीत बॅटरी मारली आणि कपाटावर टकटक केली. आतून फिस्कारल्याचा आवाज आला.

"रागीट दिसतीय," अण्णा म्हणाले. "पुण्यात कुठली म्हणालीस?"

हडपसरच्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये सापडली होती, असं लेकीनं सांगितलं. अण्णा ताडकन उठून बसले. हडपसरला त्यांचा साडू राहतो. ही बातमी त्यांनी पुन्हा पालथं पडून कपाटामागं पोचवली. साडूचं नाव, त्याची गल्ली, गल्लीच्या तोंडाची गिरणी. आतून काही नाही. साडूचा पत्ता सांगूनही समोरचा जीव गप्प राहतो, हे अण्णांच्या आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं.

जाताना लेकीनं नियम सांगितले. एकच खोली द्यायची, सगळं घर नाही. लपायला एक खोका ठेवायचा, म्हणजे कपाटामागं जायची गरज पडणार नाही. खाणं-पाणी एका कोपऱ्यात, रेतीचं घमेलं दुसऱ्या कोपऱ्यात. तिला उचलायचं नाही, तिच्यावर वाकायचं नाही, डोळ्यांत रोखून बघायचं नाही. जमिनीवर, तिच्याकडं कुशी करून बसायचं, आणि ती येईल तेव्हा येऊ द्यायची. दोन आठवडे लागतील, दोन महिने लागतील. आणि अण्णा, बोलायचं कमी.

रेतीवरून पहिली अडचण आली. दुकानातली मांजराची रेती एवढी महाग असते हे कळल्यावर अण्णा घमेलं घेऊन कुकडीकडं निघाले. काकूंनी दारातूनच आठवण करून दिली की नदीची वाळू उचलणं आता गुन्हा आहे. "मांजराच्या मुतासाठी तलाठ्याची परवानगी काढू का?" अण्णा कडाडले, आणि ते शेजाऱ्यांच्या बांधकामावरून उरलेली चाळलेली कच घेऊन आले. शेजारी म्हणे, "पैसं नगं, पण मांजर एकदा दाखवा." तो अजून वाट पाहतोय.

दुसरी अडचण दुधाची. काकूंनी पहिल्याच संध्याकाळी वाटी भरून ठेवली होती. लेक म्हणाली, मोठ्या मांजरांना सहसा दूध पचत नाही, पोट बिघडतं. उकडलेलं चिकन द्या, मासळी द्या, मीठमसाला नको. आता काकूंच्या घरात सोमवारी, गुरुवारी आणि चतुर्थीला हे चालत नाही, श्रावणाचा तर विषयच नको. अष्टविनायकातल्या देवाच्या पायथ्याला राहायचं आणि चतुर्थीला चिकन उकडायचं? तीन दिवस विचार करून काकूंनी तोडगा काढला. चिकन आदल्या दिवशी उकडायचं, मागच्या पडवीत, वेगळ्या स्टोव्हवर. "तिला कुठं ठाऊक आज चतुर्थी हाय ते," त्या म्हणाल्या. "पण आपल्याला ठाऊक हाय ना."

उरली तिसरी, न बोलायची. ती अडचण काही सुटेना. अण्णा खोलीत शिरायचे, नियमाप्रमाणे भिंतीला टेकून जमिनीवर बसायचे आणि गप्प राहायचे. ते गप्प राहणं बघवत नसे. आधी गुडघा हलायला लागायचा, मग बोटं. बोटं फरशीवर टकटक करायला लागली की खोक्यातून सळसळ ऐकू यायची आणि मनी पुन्हा कपाटामागं. खोलीतून बाहेर आले की अण्णा पायथ्याला धावायचे आणि साठलेलं सगळं त्या दिवशीच्या भाविकांवर रिकामं करायचे. त्या महिन्यात नाशिकहून आलेल्या एका कुटुंबाला दर्शन न घेता परतावं लागलं म्हणतात. मला ते पटत नाही, पण त्यांना शेवटची गाडी चुकली हे खरं आहे.

लोकही काही कमी नव्हते. "काय अण्णा, मांजर दिसलं का?" ही गोळेगावात रामराम म्हणायची नवी पद्धत झाली. निवाऱ्याला दर रविवारी फोटो पाठवायचा असे. अण्णांच्या फोटोत काळोख असायचा आणि काळोखात दोन हिरवे ठिपके. कोणी म्हणालं, वन खात्याच्या ट्रॅप कॅमेऱ्यात बिबट्यासुद्धा यापेक्षा बरा येतो.

सगळ्यांत लागलं ते फुलवालीचं बोलणं. अण्णा तिच्या पाटीशी उभे राहून तक्रार करत होते, की खायला घालतो, औषधपाणी करतो, आणि ही बया आपल्याकडं पाठ करून बसते. फुलवाली दुर्वांची जुडी बांधत म्हणाली, "अण्णा, वरचा गिरिजात्मज काय तोंड करून बसलाय व्हय आपल्याकडं?"

खरंच आहे. वरच्या सातव्या लेण्यातली मूर्ती पाठमोरी आहे असं मानतात. कातळात उमटलेल्या त्या पाठीलाच शेंदूर लागतो, तिलाच हार पडतात. मुळात ते लेणं बौद्ध भिक्षूंचं. खांब नसलेलं प्रशस्त दालन, भोवती छोट्या छोट्या खोल्या, आणि खोल्यांत गप्प बसायला आलेली माणसं. त्यांच्यानंतर काही शतकांनी तिथं देव आला, तोही पाठ फिरवून. एवढ्या सगळ्या अबोल्याच्या पायथ्याशी अण्णांसारखा माणूस जन्माला यावा, यात कोणाचा तरी मिश्किलपणा असला पाहिजे. त्या दिवशी अण्णा काही न बोलता घरी गेले. फुलवाली अजून ती गोष्ट सांगते.

पण हार मानणारा माणूस नव्हे तो. 'ओळख काढून' बघू म्हणाले, आणि माणिकडोहला गेले. तिथं बिबट्यांचं निवारा केंद्र आहे, वन खातं आणि वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था मिळून चालवतात. विहिरीत पडलेले, फाशात पाय गेलेले, पुन्हा जंगलात सोडता न येणारे बिबटे तिथं जन्म काढतात. अण्णांचा हिशोब साधा होता. ज्यांना एवढी मोठी लाजाळू मांजरं सांभाळता येतात, त्यांना आपलं दोन-तीन किलोचं अवघड नाही. आत सोडत नाहीतच, पण फाटकावर एक वनरक्षक ओळखीचा निघाला. न निघून सांगतो कोणाला.

वनरक्षक ऐकून घेत राहिला. मग म्हणाला, "अण्णा, ऊसतोडीत बछडी सापडली की आम्ही काय करतो, बघितलंय का?" सगळ्या तालुक्यानं बघितलंय. डॉक्टर बछडी तपासतात, अंधार पडायच्या सुमाराला त्याच जागी खोक्यात ठेवतात, कॅमेरा लावतात आणि लांब जातात. मादी येते, एकेक करून घेऊन जाते. "त्यात अवघड काम कुठलं सांगू? बिबट्याचं नाही. बघायला जमलेली माणसं मागं सारायचं. एक जरी बोलत उभा राहिला, तरी ती येत नाही."

"मी एकटाच असतो की खोलीत," अण्णा म्हणाले.

"व्हय," वनरक्षक म्हणाला. "तुमी एकटं."

निघताना त्यानं आणखी एक धडा दिला. मांजराला इतक्यात बाहेर सोडू नका, जुन्या जागेकडं निघेल. २००९ साली टाकळी ढोकेश्वरच्या बाजूला विहिरीत पडलेला एक बिबट्या काढून गळ्यात जीपीएसचा पट्टा बांधून माळशेजला सोडला होता. विद्या अत्रेय आणि वन खात्याची माणसं त्याच्या मागावर होती. घाट उतरून, हमरस्ते आणि रेल्वेचे रूळ ओलांडून तो गेला थेट मुंबईच्या संजय गांधी उद्यानापर्यंत, शंभर किलोमीटरच्या वर. त्याला सगळे आजोबा म्हणायचे. पुढं त्याच्यावर ऊर्मिला मातोंडकरचा पिक्चरही आला. तो कुठून कुठं जात होता, त्याची मूळ जागा कोणती, ते त्याचं त्याला ठाऊक. पण आपण सोडलेल्या ठिकाणी तो राहिला नाही.

अण्णांच्या पोटात गोळा आला. पुणं तर नव्वदच किलोमीटर.

ते घरी आले तेव्हा लेकीचा नवा निरोप तयार होता. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या लोकांनी २०२०मध्ये सिद्ध केलंय म्हणे, की मांजराकडं बघून डोळे सावकाश मिटले आणि सावकाश उघडले, तर मांजरही तसंच करतं, आणि अनोळखी माणसाजवळसुद्धा येतं. मांजर डोळे मिटून दूध पितं हे आपल्याकडं पोराटोरांना ठाऊक होतं. माणसानं मिटायचे हे नवीन होतं. न बोलता ओळख काढायची युक्ती! अण्णांनी ती आत्मसात केली, इतकी की डोळ्यांची ती सवयच लागली. पायथ्याला संगमनेरच्या एका बाईंकडं पाहून त्यांनी तीनदा सावकाश डोळे मिटले. बाईंच्या यजमानांनी पायातली चप्पल अजून ठेवलेली नव्हती. साडूपासून सुरुवात करून प्रकरण मिटवायला अण्णांना मोठा पल्ला गाठावा लागला.

शेवटी लेकीलाच दया आली. ती म्हणाली, अगदीच राहवत नसेल तर हळू आवाजात काहीतरी वाचून दाखवा. माणसाचा आवाज सवयीचा होतो त्यानं. अण्णांनी पहिल्या दिवशी नारायणगावच्या बाजारातले टोमॅटोचे भाव वाचले. पण भाव पडलेले होते आणि अण्णांचा आवाज चढत गेला. दुसऱ्या दिवशी त्यांनी कागद बाजूला ठेवला, डोळे मिटले, आणि तोंडाला जे येईल ते म्हणायला लागले.

"नारायणगाव... कळंब... मंचर... राजगुरुनगर... चाकण... मोशी... भोसरी... शिवाजीनगर."

काकू दाराशी होत्या. त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, तिला परतीची वाट कशाला शिकवताय?"

अण्णांना ते पटलं. तेव्हापासून स्टॉप फक्त एकाच बाजूनं, शिवाजीनगरकडून लेण्याद्रीकडं. रात्री जेवण झालं की खोलीत सतरंजी टाकायची, आडवं व्हायचं आणि गाडी सोडायची. कंडक्टरला एक शाप असतो, जन्मभर दुसऱ्यांना झोपलेलं बघायचं. अण्णांचा तो शाप आता उलटला होता. राजगुरुनगरला आवाज जड व्हायचा, मंचरला एखादा शब्द गळायचा. नारायणगाव आम्ही कोणी कधी ऐकलं नाही. कळंबच्या आसपास घोरणं सुरू.

घोरायला लागल्यावर मनी बाहेर यायची. हे काकूंनी पाहिलं, दाराच्या फटीतून. आधी खोक्यातून डोकं. मग एक पाय पुढं, तो तसाच हवेत धरून ऐकणं. मग सतरंजीच्या कडेकडेनं जाऊन अण्णांच्या पायाचा वास घेणं, आणि टाचेवर गाल घासणं. मांजर गाल घासतं तेव्हा आपला वास लावून ती वस्तू आपली करत असतं, असं लेक सांगते. त्यानंतर ती त्यांच्या दोन्ही पावलांच्या मधल्या जागेत वळकटी होऊन बसायची, पाठ अण्णांकडं, तोंड दाराकडं. पहाटे अण्णा कूस बदलायच्या आत खोक्यात परत.

काकूंनी सांगितलं तेव्हा अण्णांना ते खरं वाटेना. वाटलं तेव्हा सोसवेना. आपली ओळख झाली, आणि आपण तिथं नव्हतो! त्यांनी जागं राहायचा पण केला, झोपेचं सोंग करून पडले. सोंग कळंबपर्यंत टिकलं. काकूंना फोटो काढायला सांगितलं, तर फोनचा आवाज झाला आणि मनी पसार. सकाळी पायजम्यावर काळे-तांबूस केस सापडायचे, तेवढाच पुरावा. तो त्यांनी काडेपेटीत घालून पायथ्याला आणला आणि डोलीवाल्यांना दाखवला.

आणि मग वाघाची भानगड झाली. आमच्याकडं बिबट्याला वाघच म्हणतात. एका संध्याकाळी वीज गेलेली, रस्त्यानं जाणाऱ्या एका पोरानं सायकलवरून बॅटरी मारली, आणि अण्णांच्या खिडकीत जाळीमागं दोन डोळे चमकले. पोर ओरडलं. पाच मिनिटांत अर्धं गाव दारात. काठ्या, बॅटऱ्या, एकानं फटाके आणले, दुसऱ्यानं वन खात्याला फोन लावला. आत कोण आहे, अण्णा जिवंत आहेत का, काकू कुठं आहेत, असा नुसता गलका.

आपल्या दारात आपण न बोलावता पन्नास माणसं जमावीत, हे अण्णांचं जन्माचं स्वप्न. दार उघडून ते बाहेर आले. आम्ही तयारीनं उभे होतो. आता हे प्रत्येकाला नाव घेऊन विचारणार, चहा टाकायला सांगणार. अण्णांनी हातातली किल्ली वर उचलली, पत्र्याच्या दाराशी नेली आणि न वाजवताच खाली घेतली. मग दबक्या आवाजात, पण नोकरीतल्या त्या जुन्या हुकमतीनं म्हणाले, "चला, पुढं सरका. पुढं गाडी मोकळी आहे. इथं कोणी थांबायचं नाही."

आणि माणसं खरंच सरकली. वनरक्षक मोटरसायकलवरून आला तेव्हा रस्ता रिकामा होता. त्यानं आत डोकावून पाहिलं, खोक्याची जागा बघितली आणि म्हणाला, "सोळा आणे केलंत." त्याला चहा मिळाला नाही. अण्णा सतरंजीवर आडवे होऊन शिवाजीनगरहून निघालेले होते.

गौरी-गणपतीच्या सुमाराला निवाऱ्यातल्या बाई पाहणीला आल्या. सोबत एक मुलगी, तिच्या हातात कागद. बाईंनी खोली बघितली, जाळी बघितली, चाळलेली कच दोन बोटांत घेऊन बघितली. मागच्या पडवीतला स्टोव्ह बघितला. काकूंनी चतुर्थीचं सांगितल्यावर मुलीनं तेही लिहून घेतलं. खोक्यातून शेपटीचं टोक दिसत होतं. बाईंना तेवढं पुरलं. तोवर अण्णांनी मुलीचं आजोळ ओतूरला आहे हे शोधून काढलं होतं आणि ओतूरमधलं घर नक्की कुठलं यावर दोघं मोठमोठ्यानं बोलत होती. शेपटीचं टोक हळूच आत गेलं.

बाईंनी कागदावरचा शेवटचा रकाना काकूंना वाचून दाखवला. "मांजर घरातल्या माणसांना ओळखू लागलं आहे का? तुम्हाला ओळखते ते दिसलंच मला. अण्णांना ओळखते का?"

"ओळखती की," काकू म्हणाल्या. "म्हणून तर बाहेर येत नाही."